प्लेग एक, वाडे दोन

चिंचवडचा चापेकर वाडा आणि पुण्याचा फुले वाडा पाहताना कष्टकरी कुटुंबाने काय पाहावे?



आपल्या पिंपरी-चिंचवडची ओळख जगाला कारखान्यांमुळे झाली. पेनिसिलीनची एच.ए. कंपनी, टेल्को, बजाज आणि अलीकडे चाकणच्या माळावर उभे राहिलेले मोटारींचे मोठमोठे प्रकल्प. आपल्यापैकी बहुतेकांचे वडील किंवा आजोबा सातारा, सोलापूर, नगर, बीड, लातूर, नांदेडकडून एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी घेऊन इथे आले. आल्यावर कामाला लागले. शिफ्ट, ओव्हरटाइम, मुलांची शाळा, घराचे हप्ते यातच आयुष्य गेले. या गावाला कारखान्यांच्या आधीचाही इतिहास आहे, इकडे लक्ष द्यायला कुणाला सवड होती?

म्हणून या अंकात आम्ही आपल्याला सुट्टीच्या दिवशी दोन घरे पाहायला सुचवीत आहोत. एक आपल्या दारातले, चिंचवडगावातील चापेकर वाडा. दुसरे मेट्रोच्या अंतरावरचे, पुण्याच्या गंज पेठेतील महात्मा फुले यांचा वाडा, म्हणजेच समताभूमी. दोन्ही घरे जुनी आणि दोन्ही जपलेली. गंमत नव्हे, पण विचार करायला लावणारी गोष्ट ही की, या दोन्ही घरांच्या इतिहासात १८९७ हे एकच साल ठळक अक्षरात लिहिलेले आहे. त्या साली पुण्यात प्लेग होता. एकाच प्लेगमधून एका घराने एक वाट धरली, दुसऱ्या घराने दुसरी. दोन्ही वाटांवर माणसांनी प्राण दिले. मात्र शाळेच्या पुस्तकातून आपल्या मुलांना एक वाट जितकी पाठ झाली, तितकी दुसरी झाली नाही. ती दुसरी वाट मुलांना समजावून सांगणे हे आईवडिलांचे काम आहे.

प्लेग आला तेव्हा

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग असल्याचे डॉ. व्हिएगस यांनी ओळखले. काही महिन्यांतच साथ पुण्याला पोहोचली. प्लेगचे जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये हाँगकाँग येथे सापडले होते. परंतु रोग माणसापर्यंत कसा पोहोचतो हे कुणालाच नीट ठाऊक नव्हते. मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू माणसाला चावते आणि रोग देते, ही गोष्ट पॉल सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये दाखवली आणि तीही लोकांना पटायला पुढे कित्येक वर्षे लागली. मुंबईत हाफकिन या शास्त्रज्ञाने लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. पण लस गरिबाच्या वस्तीपर्यंत जाणे तेव्हा सोपे नव्हते, आणि लोकांच्या मनात भीतीही होती.

इंग्रज सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा केला. हाच तो कायदा, जो कोरोनाच्या वेळी मार्च २०२० मध्ये पुन्हा वापरात आलेला आपण पाहिला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली समिती नेमली गेली. गोरे सोल्जर घराघरांत शिरू लागले. रोगी दिसला की इस्पितळात, घरची माणसे छावणीत, सामान जाळायचे किंवा बाहेर फेकायचे. बायाबापड्यांची अब्रू, देवघर, स्वयंपाकघर कशाचीही पर्वा नाही, अशा तक्रारी सर्व जातीधर्मांच्या लोकांनी केल्या. रोग खरा होता आणि उपायाची गरजही खरी होती. परंतु माणसाला माणूस न मानता केलेला उपाय माणसाला रोगाइतकाच नकोसा वाटतो. ज्यांनी २०२० मध्ये दारावर पत्रे ठोकलेली आणि चाळीला दोरी बांधलेली पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

चिंचवडचा वाडा

चिंचवडगाव हे पवनेच्या काठचे जुने गाव. मोरया गोसावींच्या समाधीमुळे ते पूर्वीपासून प्रसिद्ध. याच गावात चापेकरांचा वाडा. हरी विनायक चापेकर हे कीर्तनकार होते. त्यांची तीन मुले दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला साठ वर्षे झाल्याचा सोहळा आटोपून परतणाऱ्या रँडवर दामोदर यांनी गोळी झाडली. मागच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट याच्यावर बाळकृष्ण यांनी. आयर्स्ट त्याच वेळी गेला, रँड ३ जुलैला. दामोदर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. पुढे खबर देणाऱ्या द्रविड बंधूंना ठार केल्याबद्दल वासुदेव चापेकर व महादेव रानडे यांना, आणि रँड प्रकरणात बाळकृष्ण यांना मे १८९९ मध्ये फासावर चढविण्यात आले. एका आईची तीन मुले एका वर्षाच्या आतबाहेर फासावर गेली. कुठल्याही जातीची आई असो, तिच्या दुःखापुढे आपण मान खाली घालतो.

हा वाडा पडझडीला आला होता. तो जुन्या धाटणीने पुन्हा उभा करण्यात आला. एप्रिल २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते तेथील संग्रहालयाचे उद्घाटन झाले. गावातील चौकालाही चापेकरांचे नाव आहे, पुतळे आहेत. आपल्या शहरात जुने घर जपून त्यात इतिहास मांडण्याचा असा प्रयत्न झाला, ही चांगलीच गोष्ट आहे. कारखान्यांच्या गावात मुलांना दाखवायला मॉलशिवाय काही नाही, ही तक्रार आपणच करीत असतो.

पण संग्रहालय पाहायचे म्हणजे जे मांडले आहे तेवढेच पाहून परतायचे नसते. जे मांडलेले नसते, त्याबद्दलही विचारायचे असते. दामोदर चापेकरांनी तुरुंगात आपले आत्मवृत्त लिहिले. त्यात इंग्रजांबद्दलचा संताप आहे, तसाच समाजसुधारकांबद्दलचाही आहे. सुधारणा म्हणजे धर्म बुडविणे, असे त्या काळच्या पुष्कळ सनातनी मंडळींप्रमाणे त्यांनाही वाटत होते. हे लपविण्यासारखे नाही आणि त्यावरून शिवीगाळ करण्यासारखेही नाही. देशासाठी मरण पत्करणारा माणूस समाजाच्या बाबतीत जुन्या विचारांचा असू शकतो, हे मोठ्या मुलांना समजले पाहिजे. माणूस जसा होता तसा समोर ठेवणे म्हणजे त्याचा अपमान करणे नव्हे. जोतीराव फुल्यांनी आपल्या संघटनेला नाव दिले ते सत्यशोधक समाज. सत्य शोधायचे ते सर्वांच्या बाबतीत.

गंज पेठेतले घर

आता दुसऱ्या घराकडे चला. पिंपरीहून मेट्रोने मंडई किंवा स्वारगेटला उतरावे. सप्टेंबर २०२४ अखेर हा मार्ग स्वारगेटपर्यंत पूर्ण सुरू झाला, त्यामुळे मुलाबाळांना घेऊन जाणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. पुढे रिक्षाने किंवा चालत गंज पेठ. या पेठेला आता महात्मा फुले पेठ म्हणतात. दाट वस्तीत, लहान बोळांच्या मध्ये हा वाडा आहे. वाडा म्हटल्यावर डोळ्यांसमोर सरदाराचा चौसोपी वाडा आणू नका. हे एका कर्त्या, कष्टाळू कुटुंबाचे आटोपशीर घर आहे. शासनाने ते संरक्षित स्मारक म्हणून जपले आहे. आत जोतीराव-सावित्रीबाईंच्या जीवनातील प्रसंगांची चित्रे आहेत. अंगणात जोतीरावांचे समाधिस्थान आहे.

या घरात काय काय घडले, ते मुलांना एकेक करून सांगा.

१८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या, टाकलेल्या विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल नेता येत नसेल तर ठेवून जावे, पण जिवाला मुकू नये, यासाठी ही सोय होती. १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचे मूल या जोडप्याने आपले मानले. तोच त्यांचा यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला.

१८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. हे वाचायला सोपे आहे. पण त्या काळात ज्याच्या सावलीचा विटाळ मानीत, त्या माणसाला ‘ये, माझ्या घरचे पाणी भर’ असे म्हणणे म्हणजे शेजारपाजार, भाऊबंद, जातगंगा सर्वांशी वैर पत्करणे होते. त्यानंतर ५९ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. गंज पेठेतला हौद आणि महाडचे तळे यांचे नाते मुलांना सांगा. एका ठिकाणी घरमालकाने स्वतः दार उघडले. दुसऱ्या ठिकाणी हक्क म्हणून माणसे चालत गेली आणि त्यांनी पाणी घेतले. पहिली माणुसकी आणि दुसरे स्वाभिमान. दोन्ही लागतात.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. आपला देह मिठात पुरावा अशी त्यांची इच्छा होती. वस्तीत तशी परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन करावे लागले आणि अस्थी याच घराच्या अंगणात ठेवल्या गेल्या. अंत्ययात्रेत पुढे चालून तिटवे धरले ते सावित्रीबाईंनी. आजही कित्येक घरांत बाईला स्मशानात जाऊ देत नाहीत. तिथे १८९० साली एक पत्नी आपल्या पतीच्या अंत्ययात्रेच्या पुढे चालली.

बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू मानले. १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो त्यांनी महात्मा फुले यांनाच अर्पण केला. तेव्हा हे घर केवळ माळी समाजाचे नाही, पुणेकरांचेही नाही. ते आपल्या गुरूंच्या गुरूचे घर आहे.

पाठीवरचे पोर

१८९७ साली प्लेग आला तेव्हा जोतीराव नव्हते. सावित्रीबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. त्या वयात आपल्याकडे माणूस नातवंडांत रमतो. सावित्रीबाईंनी सैन्यात डॉक्टर असलेल्या यशवंताला बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उभा केला. गावाबाहेर, मोकळ्या हवेत, भोवती वस्ती नाही अशा जागी.

मुंढव्याच्या गावकुसाबाहेर महारवाडा होता. तेथील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे त्यांना कळले. त्या स्वतः गेल्या आणि त्या पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. ज्याला शिवायचे नाही असा समाजाचा नियम, त्याला एका म्हाताऱ्या बाईने पाठीवर घेतले. आणि रोग असा, की त्यात पोटच्या पोरापासूनही माणसे दूर पळत होती. त्या सेवेतच त्यांना प्लेगने गाठले. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. यशवंतही पुढे १९०५ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेला.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. १० मार्चला सावित्रीबाई प्लेगमध्ये गेल्या. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. मध्ये फक्त साडेतीन महिने. साथ एकच आणि शहरही एकच. एका घरातील तरुणांनी जुलमी अधिकाऱ्याला मारण्यासाठी जीव दिला. दुसऱ्या घरातील वृद्धेने एका अस्पृश्य पोराला वाचविण्यासाठी जीव दिला. कोण मोठे, कोण लहान याचा वाद आम्ही घालीत नाही. आमचा प्रश्न एवढाच की, आपल्या मुलाला २२ जून माहीत आहे आणि १० मार्च माहीत नाही, असे का व्हावे?

आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्या. त्या रात्री रँड ज्या सोहळ्याहून परत येत होता, तो गणेशखिंडीतील गव्हर्नर साहेबाच्या बंगल्यात होता. तो बंगला आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. आणि २०१४ पासून त्या विद्यापीठाचे नाव आहे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. राणीचा जयजयकार जिथे झाला, त्या वास्तूवर आज त्या प्लेगमध्ये सेवा करताना गेलेल्या बाईचे नाव आहे. तिथे आपल्या वस्तीतील मुली पदवी घ्यायला जातात. इतिहास कधी कधी असा न्याय करतो. मात्र तो आपोआप करीत नाही. माणसांना त्यासाठी वर्षानुवर्षे मागणी लावून धरावी लागते.

न टिकलेली घरे

वाचकहो, येथे आपण एका दुखऱ्या गोष्टीपाशी येतो. चापेकरांचा वाडा उभा आहे. फुल्यांचा वाडा उभा आहे. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंगाचे घर कुठे आहे?

ते घर मातीचे, कुडाचे असणार. अशा घराला सनद नसते, इनाम नसते, घडीव दगड नसतो. पावसाळ्यात भिंत खचते, ती पुन्हा लिंपतात. माणसे पोटामागे दुसरीकडे जातात आणि घर मातीत मिळते. म्हणून संग्रहालये बहुधा वाड्यांत होतात, झोपडीत होत नाहीत. ज्यांच्याकडे दगडी घर होते, त्यांच्या वस्तू उरल्या. ज्यांच्याकडे नव्हते, त्यांच्या वस्तूही गेल्या आणि नावेही गेली. पांडुरंगाचे नाव उरले, कारण एका सावित्रीमाईने त्याला पाठीवर घेतले. ज्यांना कुणी पाठीवर घेतले नाही, अशी किती पोरे त्या साथीत गेली असतील!

आणि दगडी घरेसुद्धा आपोआप टिकत नाहीत. १ जानेवारी १८४८ रोजी जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, ती पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात. त्या वाड्याची काय दशा झाली ते आपण पाहिले. वर्षानुवर्षे तो कुजत राहिला, कोर्टकचेऱ्या चालल्या, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२३ च्या अखेरीस निकाल लागून जागा ताब्यात आली, तेव्हा वाडा धोकादायक झाला होता. डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडावा लागला. त्या जागी राष्ट्रीय स्मारक करण्याचे ठरले. स्मारक होणे योग्यच. परंतु सावित्रीबाई ज्या उंबऱ्यावरून आत गेल्या, तो उंबरा आता कुणालाही पाहता येणार नाही. जपायला उशीर झाला, की पुढे केवळ फलक उरतो.

याच्या उलट उदाहरणेही आपल्याकडे आहेत. बाबासाहेबांनी दादरला बांधलेले राजगृह उभे आहे आणि तेथे त्यांच्या वस्तू पाहता येतात. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरील सिंबायोसिसच्या संग्रहालयात माईसाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू आहेत. लंडनमधील किंग हेन्री रोडवरील ज्या घरात विद्यार्थी भीमराव १९२१-२२ मध्ये राहिले, ते १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले आणि तेथे स्मारक केले. तिथेही परवानगीचा वाद झालाच. नंतर, २०२० साली, परवानगी मिळाली. आपल्या पट्ट्यात देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधीची ही गोष्ट. ती जागा आपण जपली, म्हणून दरवर्षी तिथे लोक जमतात. तळेगाव दाभाड्याला बाबासाहेबांचा बंगला आहे. चाकणहून आणि निगडीहून ही दोन्ही ठिकाणे किती जवळ! तरी तळेगावचा बंगला ज्यांनी अजून पाहिलेला नाही, अशी कुटुंबे कमी नाहीत.

आपल्या पेटीतला इतिहास

मग आपल्या स्वतःच्या इतिहासाचे काय? पिंपरी-चिंचवड महानगरपालिका १९८२ मध्ये झाली. म्हणजे शहर म्हणून हे गाव अजून तरुणच आहे. पण ते उभे करणारी पहिली पिढी आता थकली आहे. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील स्कूटरचे उत्पादन २००७ मध्ये थांबले. तिथे ज्यांनी हयात घालविली, त्यांच्या हातचे पंचकार्ड, गेटपास, कँटीनची कुपने अजून एखाद्या पेटीत असतील. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारात जातील.

घराघरांत काय असते ते आठवा. आजोबांचा नागपूर दीक्षेच्या वेळचा किंवा गावच्या धम्मदीक्षेचा फोटो. जयंती मंडळाची पहिली पावती पुस्तके. भीमगीतांच्या हाताने लिहिलेल्या वह्या. युनियनचे पत्रक. नामांतराच्या आंदोलनातील अटकेचा कागद. आजीचे जाते, खलबत्ता, गोधडी. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, ज्यावर जुन्या नावाने जात लिहिलेली आहे आणि मुलाच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ लिहिलेले आहे. हे दोन दाखले शेजारी ठेवले तर एका पिढीने केवढी मजल मारली ते कळते. याहून बोलके संग्रहालय कोणते?

याला पैसा लागत नाही. थोडी काळजी आणि थोडा वेळ लागतो. काही साध्या सूचना आम्ही येथे देत आहोत.

पहिली सूचना. जुन्या फोटोमागे मऊ पेन्सिलीने, दाब न देता, माणसांची नावे, गाव आणि साल लिहा. बॉलपेनाची शाई पुढे उमटते. ज्याला नावे माहीत आहेत तो माणूस आज घरात आहे, तोवरच हे काम होईल. नाव नसलेला फोटो तिसऱ्या पिढीला परका होतो.

दुसरी. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नका आणि प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद, म्हणजे लॅमिनेशन, करू नका. केलेले लॅमिनेशन पुन्हा निघत नाही आणि कागद आतल्या आत खराब होतो. स्वच्छ सुती कापडात किंवा साध्या कागदी पाकिटात ठेवा. ओल लागणाऱ्या भिंतीपासून पेटी दूर ठेवा. पावसाळा संपला की एकदा उघडून, सावलीत हवा द्या. सुकवलेला कडुलिंबाचा पाला पेटीत ठेवण्याची आपल्या आज्यांची रीत आहे, पण तो कागदाला थेट लागू देऊ नका.

तिसरी. मोबाईल आता प्रत्येक घरात आहे. दिवसाच्या उजेडात कागद सपाट ठेवून त्याचा फोटो काढा आणि दोन ठिकाणी जपून ठेवा. मूळ कागद मात्र फेकू नका. मोबाईल बिघडतो, कागद राहतो.

चौथी आणि सर्वांत मोलाची. आजी-आजोबांना बोलते करा. रविवारी दुपारी, गोंगाट नसताना, मोबाईलवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून घ्या. त्यांना ‘तुमचा इतिहास सांगा’ असे म्हटले तर त्या म्हणतील, ‘आमचा कसला बाई इतिहास!’ म्हणून प्रश्न लहान विचारा. गावात पाणी कुठून भरत होता? इथे पहिली खोली कुणी मिळवून दिली? भाडे किती होते? पहिला पगार हातात आला तेव्हा काय आणले? बाबासाहेब गेल्याची बातमी घरात कशी कळली? एकेका प्रश्नातून एकेक तास निघेल.

पाचवी. आपल्या विहारात एक कपाट या कामासाठी द्या. कुणाची वस्तू, कुणी दिली, कधी दिली हे वहीत लिहा आणि देणाऱ्याला पावती द्या. वस्तू द्यायची नसेल तर त्यांनी फोटो द्यावा. बुद्धपौर्णिमेला आणि १४ एप्रिलला त्या वस्तू टेबलावर मांडा. डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात असे चांगले कपाट येते, हे मंडळांच्या तरुण कार्यकर्त्यांनी मनावर घ्यावे.

मुलांना नेताना

दोन्ही वाडे एकाच दिवशी पाहायचे असतील तर सकाळी चिंचवड आणि दुपारी गंज पेठ असा बेत करावा. जाण्याआधी उघडण्याच्या वेळेची चौकशी करावी. डबा बरोबर घ्यावा. दोन्ही ठिकाणी शांतता पाळावी, कचरा करू नये. वाड्यातील माणसांशी आदराने बोलावे आणि प्रश्न मात्र जरूर विचारावेत.

मुलांच्या हातात वही-पेन्सिल द्या आणि दोन्ही घरी एकच प्रश्नमालिका भरायला सांगा. हे घर कुणाचे? घरात कोण कोण राहत होते? त्यातील बायकांची नावे आपल्याला येथे कळतात का? पाणी कोण भरत होते, अंगण कोण झाडत होते? प्लेगच्या वेळी या घराने काय केले? आणि शेवटचा प्रश्न, आपण त्या वेळी असतो तर या घरात आपल्याला प्रवेश मिळाला असता का? मिळाला असता तर कोणत्या दाराने?

या शेवटच्या प्रश्नाने मूल गप्प होईल. होऊ द्या. लगेच भाषण देऊ नका. परतीच्या मेट्रोत, खिडकीपाशी बसल्यावर ते स्वतःच काहीतरी विचारील. तेव्हा त्याला मुंढव्याच्या पांडुरंगाची गोष्ट सांगा. सांगा की, एका घराने आपल्यासाठी हौद खुला केला होता, त्या घरच्या बाईने आपल्या पोराला पाठीवर घेतले होते. आणि हेही सांगा की, आज कोणत्याही घराच्या पुढच्या दाराने ताठ मानेने आत जाण्याचा हक्क आपल्याला संविधानाने दिला आहे आणि तो बाबासाहेबांच्या कष्टातून आला आहे.

कोरोनाच्या काळात पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात झाडू मारणारे, मयत उचलणारे, स्मशानात काम करणारे हात कुणाचे होते, ते आपण जाणतो. १८९७ ला अशा हातांची नोंद कुणी ठेवली नाही. २०२० ची नोंद तरी ठेवली जाणार आहे का? ते हात अजून आपल्यात आहेत, आपल्याच चाळीत राहतात. त्यांच्याकडे जा, बसा, विचारा आणि लिहून ठेवा. वाडे ज्यांचे होते, त्यांचा इतिहास जपला गेला. ज्यांचे वाडे नव्हते, त्यांनी आपला इतिहास स्वतः जपायचा आहे. पुढच्या पिढीने ‘आमच्या आज्या-पणज्यांचे काहीच कसे नाही?’ असे विचारण्याची वेळ आपण येऊ देऊ नये.

जयभीम! नमो बुद्धाय!